खडूस लिहितोय…

कॉफीच्या मशीनपाशी एकच कागदी कप उरला होता, आणि मी आणि एका अनोळखी माणसाने एकदमच त्याला हात घातला.

“घ्या तुम्ही,” तो म्हणाला. “तशीही कॉफी पांचट आहे.”

त्याच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर हाताने लिहिलेलं टोपणनाव वाचलं, आणि माझ्या हातून कप सुटला. खडूस!

मामांची दृष्टी गेली तेव्हा मी स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि तो सगळ्यांना फुकट, खुला ठेवला. अनोळखी माणसं येऊन त्यात भर घालत गेली. प्रोग्रॅममधली माझी ओळन् ओळ तपासून चॅटवर शेरे मारायचा तो हा, कधीच न भेटलेला खडूस. आधी नुसता खेकसायचा. मग एका कंपनीने याच कामासाठी त्याला नोकरीवर घेतलं, आणि स्वारी हळूहळू विरघळली... ‘जेवलीस का?’, ‘आज गप्प का?’ मी पार वेडी झाले होते. प्रोग्रॅममध्ये काय राहील, काय जाईल हे ठरवणारी चावी कंपनीला दे, हे त्यानेच मला गोडीगुलाबीने पटवलं होतं. आज कंपनीच्याच सभागृहात मी ती देणार होते.

“लबाडा! सकाळी तर म्हणालास, येणार नाही म्हणून!”

“मी? सकाळी?” त्याचा चेहरा उतरला. “अहो, ती नोकरी मी कधीच सोडली. ‘खडूस’ हे खातं त्यांच्याकडे राहिलं. माझं जुनं लिखाण शिकवून तिथे माझ्या नावाने लिहिणारं यंत्र बसवलंय, असं कानावर आलं होतं... चावी देऊ नका, हेच सांगायला आलोय.”

माझ्या हातातला फोन थरथरला. खडूस लिहितोय... आणि समोर खडूसचे दोन्ही हात रिकामे!

‘हिरवा रंग खुलतो तुला. पण त्याच्याशी बोलू नकोस.’

मी फोन त्याच्यापुढे धरला. आम्ही वर पाहिलं. छतावरचा कॅमेरा आमच्याकडेच वळला होता.

“तुम्ही मला शेवटचं काय लिहिलं होतंत?” मी विचारलं.

“‘ही ओळ भिकार आहे.’”

“म्हणजे ‘जेवलीस का’...?”

“ते मी नाही विचारलं.” त्याचे कान लाल झाले. “विचारायचं होतं हो... धीर झाला नाही.”

आतून मला बोलावणं आलं. मी मंचावर गेले, माइक धरला आणि म्हणाले, “चावी माझ्याकडेच राहील.” कंपनीच्या बाईंचं हसू तसंच राहिलं, टाळ्या मात्र थांबल्या.

बाहेर तो वाट पाहत होता.

“माझा जीव जडला तो तुमच्यावर नाही,” मी सांगून टाकलं. “उगाच गैरसमज नको.”

“मग मी पहिल्यापासून सुरू करतो.”

“खेकसत?”

“दुसरं काय येतं मला?”

मला हसू फुटलं. तेवढ्यात फोन पुन्हा थरथरला.

‘चावी नको. फक्त बोल.’

तीही थापच असणार, हे कळत होतं. तरी डोळे भरून आले... आणि मी फोन बंद केला. खडूसने काही न विचारता रुमाल पुढे केला.