भिंतीकडे वाकलेली जास्वंद

"साहेब, लीलाबाई काशीले गेल्याच नाई. त्याइचं काही तरी बरंवाईट झालं."

पंचफुला धापा टाकत सौंसरच्या ठाण्यात शिरली. ठाणेदार सुधाकर गजभियेनं तिला आधी पाणी दिलं.

१९८६चा मार्च होता. बोरगावात ट्रॅक्टरखाली हिरामण नावाचा मजूर चिरडून मेला होता आणि खटला चालला होता पंचफुलाच्या नवऱ्यावर, ड्रायव्हर चिंधूवर. चिंधू म्हणत होता, त्या दिवशी मी तापानं घरी पडलो होतो. ट्रॅक्टर कोण चालवत होतं, ते पाहिलं होतं फक्त लीलाबाईंनी. त्या ट्रॅक्टरमालकाच्याच घरातल्या विधवा. "नाव कोर्टातच सांगीन," एवढंच त्या बोलल्या होत्या. साक्ष उद्यावर आली होती आणि बाईंचा महिनाभर पत्ता नव्हता.

म्हातारी फितली, असं गाव म्हणत होतं. सुधाकरलाही तसंच वाटत होतं.

"तुला कशावरून वाटतं?"

"त्याइच्या जास्वंदीवरून, जी. डब्यात लावून लेकरावानी पोसली. गावाले जाताना पाणी घालायले मलेच सांगत. या खेपी सांगतलं नाई. अन् झाडच अंगणात नाई! परवा दारापुढं उभी राहून बोंबलली मी, झाड कुठी गेलं म्हणून."

सुधाकर टोपी घालून उठला आणि एका शिपायाला व पंचफुलाला घेऊन निघाला.

बोरगावच्या त्या घरी रघुनाथराव दारातच आडवे आले. लीलाबाईंचे हे दीर, ट्रॅक्टरचे मालक.

"मी महिनाभर संत्र्याच्या बगीच्यात होतो. काल घरी आलो, अन् आज पोलिस? काऊन?"

त्यांचा मुलगा गजानन मात्र नम्र. त्यानं खाट टाकली, चहा आणला.

"काकू काशीले गेल्या, साहेब. मीच मोटरीत बसवून देल्लं."

"आणि त्यांची जास्वंद?"

"हे काय, इथंच हाये." त्यानं अंगणात बोट दाखवलं. "पंचफुलाले दिसली नसंल. सारा महिना याच जागी हाये. मीच पाणी घालून राहिलो."

भर उन्हात, भिंतीलगत पत्र्याच्या डब्यात ते झाड होतं. सुधाकर त्याच्यापुढं उकिडवा बसला. मागून रघुनाथराव गरजले, "झाडाची झडती घेता का आता?"

झाडाचा खालचा भाग दाट, हिरवागार. पण वरच्या फांद्या काटकुळ्या, फिकट, पानं लांब लांब विखुरलेली. एकही कळी नाही. सगळे शेंडे एका बाजूला वाकलेले, तेही भिंतीकडे. कोवळी पानं पांढरी पडून करपलेली. दोनतीन शेंडे नखानं खुडलेले, आणि त्यांच्याखाली नवे कोंब फुटलेले.

"शेंडे कोणी खुडले?"

"शेंडे?" गजानन गोंधळला. "बकरीनं खाल्ले असतीन."

"मागच्या त्या कुलूप लावलेल्या खोलीत काय आहे?"

"कापूस. किल्ली हरवली हाये."

रघुनाथरावांनी चमकून मुलाकडे पाहिलं. "हरवली? मले नाई बोलला."

सुधाकर उभा राहिला. अंदाज चुकला तर उद्या चिंधू गेलाच.

"गजानन, माझ्या क्वार्टरमागे कडुलिंबाच्या सावलीत जास्वंद होती. अशीच लांबुडकी झाली. ऊन मिळेना, म्हणून उजेड शोधत नुसती वाढत गेली. मी फांद्यांचा तिसरा हिस्सा छाटला, हळूहळू उन्हात आणली, तेव्हा भरली. हे झाड महिनाभर या उन्हात असतं, तर असं झालंच नसतं. खालची दाट वाढ जुनी, अंगणातली. वरची काटकुळी वाढ अंधारातली. शेंडे उजेडाकडे वळतात, भिंतीकडे नाही. म्हणजे एकाच खिडकीच्या खोलीतून ते उचलून इथं ठेवलं, आणि ठेवणाऱ्यानं बाजू पाहिली नाही. एकदम उन्हात आल्यानं पानं करपली. पंचफुला परवा बोंबलली, त्यानंतरच हे झाड बाहेर आलं. रघुनाथराव तर कालच आले. झाड महिनाभर इथं होतं, हे खोटं तू बोललास."

"झाड खोलीत असलं म्हणून काय झालं?"

"शेंडे खुडले की झाड दाट होतं, हे बकरीला ठाऊक नसतं. त्या अंधारात झाडाची निगा राखणारं माणूसही होतं."

गजानन कप ठेवून उठला. तो फाटकाकडे सरकला. शिपायानं त्याचा दंड धरला. रघुनाथरावांनीच त्याच्या खिशात हात घातला. किल्ली निघाली.

दार उघडलं. सरकीच्या उग्र वासात, एवढ्याशा झरोक्याखाली लीलाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. वाळून काडी झालेल्या. उजेडानं त्यांनी डोळ्यांवर पदर घेतला.

"चिंधूची तारीख गेली का?"

"नाई जी, उद्या हाये," पंचफुला रडत म्हणाली.

"ओरडली तं चिंधूचं घर पेटवीन म्हणे हा. म्हून गप राहिली. झाड तेवढं मांगून घेतलं होतं." त्यांनी गजाननकडे पाहिलं. "ट्रॅक्टर यानंच चालवला. हिरामण हाका मारून राहिला होता, अन् यानं वळून पाहिलं नाई."

रघुनाथराव खोलीत शिरले. मग त्यांनी आपला हात पुढं केला.

"उठा, वैनी. उद्या कोर्टात मी येतो तुमच्यासंगं."

लीलाबाईंनी तो हात धरला नाही. पंचफुलाचा खांदा धरून त्या उठल्या.

"या," त्या म्हणाल्या. "पर हिरामणच्या बायकोले पयले तोंड दाखवा."