एका पायाचा बूट

तपासनीस बाई पोस्टात शिरल्या त्या ठेचकाळतच. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून कुणी तरी खाली लोखंडी ठोकळा लावून ठेवला होता. बाईंचा अंगठा चांगलाच सोलवटला.

त्या चप्पल सावरतायत तोवर पोस्टमास्तरांनी पोस्टमनकडे बोट दाखवलं. "हाच चोर! वरच्या वस्तीतल्या सुताराच्या मुलीचा बूट होता पार्सलात. तिचा एक पाय आखूड, म्हणून खास बनवून घेतलेला."

पोस्टमनचं तोंड एवढंसं झालं. बाईंच्या पिशवीत त्याच्या निलंबनाचा हुकूम होता. फक्त सही बाकी.

"पार्सल शेवटचं कुणी पाहिलं?"

"मीच. आल्या आल्या तोललं. बरोबर एक किलो, जराही इकडंतिकडं नाही."

"एकाच पायाचा बूट चोरून मी काय लंगडी खेळू, साहेब?" पोस्टमन कळवळला.

"विकशील!"

"कुणाला? अर्ध्या गिऱ्हाइकाला?"

बाईंनी कपाट उपसलं, थैल्या झटकल्या. पोस्टमनच्या घरचं खुराडंसुद्धा पाहिलं. तिथं कोंबडीनं बोटावर चोच मारली. बूट नाही. बाहेर परतीच्या टपालगाडीचा भोंगा वाजला. बाईंनी पेन काढलं. पोस्टमननं डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात खालच्या वस्तीतली शिंपीण गाठोडं घेऊन आली.

पोस्टमास्तर तराजूला आडवे झाले. "आज तराजू बंद!"

"अहो दादा, परवा तर चालू होता! ते टॉवेलात गुंडाळलेलं किलोचं वजन ठेवा पारड्यात, नि मोकळं करा मला."

बाईंनी पारड्याशेजारच्या टॉवेलच्या गुंडाळीकडे पाहिलं. मग स्वतःच्या अंगठ्याकडे.

"पोस्टमास्तर, वजनाला टॉवेल कशाला? थंडी वाजते?"

"धूळ बसते..."

बाईंनी दाराचा ठोकळा उलटा केला. खाली कोरलं होतं: एक किलो.

"वारा सुटला, तुम्ही वजन दाराला लावलंत. मग तराजूला काय? समोर बरोबर किलोभराचं पार्सल! मळू नये म्हणून टॉवेलात गुंडाळलंत, आणि साफ विसरून चोरीची तक्रार केलीत. आठवलं कधी?"

"काल," पोस्टमास्तर पुटपुटले. "पण तक्रार वर गेली होती. सगळे हसले असते हो मला."

"आणि याची नोकरी गेली असती, ते चाललं असतं?"

बाईंनी टॉवेल सोडला. आत सुताराचं पार्सल. त्यांनी हुकूम टराटरा फाडला.

"बूट तुम्हीच पोचवायचा. चालत. आणि सुताराला सगळं खरं सांगायचं. तुमच्याबद्दल वर काय कळवायचं ते मी बघते."

"चढण आहे, साहेब," पोस्टमन म्हणाला. "दम लागला तर बसा, पण बूट उशाला घेऊ नका. पुन्हा विसराल."

पोस्टमास्तर बाहेर पडले. बाईंनी लोखंडी वजन उचलून पारड्यात ठेवलं, आणि दार पोस्टमास्तरांच्या पाठीमागं धाडकन आपटलं.