अनयाचा हिरवा कुणी नेला?

“आई! माझा हिरवा चोरीला गेला!” अनया गॅरेजमधून ओरडतच बाहेर आली.

स्वानंदीला आधी आनंदच झाला. खोटं कशाला बोला!

अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या त्यांच्या गल्लीत मिसेस डॉयल राहायच्या, चित्रकलेच्या निवृत्त शिक्षिका. सुट्टी लागल्यापासून स्वानंदी आणि तिची शेजारची मैत्रीण अनया त्यांच्याकडे जुन्या आयरिश हस्तलिखितांसारखी अक्षरं रंगवायला शिकत होत्या. दुकानातले रंग तिथे अजिबात चालत नसत! पिसाची लेखणी, ओकच्या झाडावरच्या गाठींची शाई, अंड्याच्या पांढऱ्या बलकात कालवलेले रंग. हिरवा हवा असेल तर तांब्याच्या पट्ट्या बरणीत व्हिनेगरवर टांगून ठेवायच्या. हळूहळू त्यांच्यावर हिरवा थर चढतो. तो विषारी, म्हणून हातमोजे घालून खरवडायचा. आणि यातही अनयाच पुढे! तिच्या ‘A’मधली सापांची वेटोळी पाहून मिसेस डॉयल “ब्युटिफुल!” म्हणायच्या. स्वानंदीच्या ‘S’ला मात्र नुसतं “नाइस, डिअर.” त्या ‘नाइस’नं स्वानंदीचा असा जळफळाट व्हायचा!

उद्या लायब्ररीतल्या प्रदर्शनात सगळ्यांची रंगवलेली पानं लागणार होती आणि अनयाचे साप बिनरंगाचे!

“तूच घेतलास! यू आर सो जेलस!” अनया म्हणाली.

“जेलस आहेच मी!” स्वानंदी उसळली. “पण चोर नाहीये!”

“मग तुझीच बरणी कशी भरलेली?”

“माझी आमच्या बेसमेंटमध्ये असते म्हणून!”

अनयाची आई, रेखाकाकू, आवाज ऐकून बाहेर आल्या. त्यांनी स्वानंदीकडे असं काही पाहिलं की स्वानंदीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आता ही गोष्ट महाराष्ट्र मंडळातल्या घराघरात जाणार!

“दाखव बरणी,” ती नाक ओढत म्हणाली. स्वानंदीचा धाकटा भाऊ ऋषी टॉर्च घेऊन धावला. व्हिनेगर गायब होतं आणि पट्ट्या लखलखत होत्या.

“अगं, खरवडलं असतं तर ओरखडे दिसले असते. हे कुणीतरी घासलंय!” स्वानंदी म्हणाली.

ऋषीनं पट्टीच्या भोकातून एक तपकिरी धागा ओढला. “व्हॉट्स धिस?”

स्वानंदीनं वास घेतला. “चिंच! काल तुमच्याकडे सत्यनारायण होता ना? पूजेची तांब्याची भांडी कुणी घासली?”

“देवदत्तकाकांनी,” अनया म्हणाली. काका नुकतेच नागपूरहून नोकरीसाठी आले होते आणि अपार्टमेंट मिळेपर्यंत त्यांच्याकडेच राहत होते. “पण ते गॅरेजमध्ये कशाला येतील? नो वे!”

“थांब, दाखवतेच!”

स्वानंदीनं घरून स्वतःची बरणी आणली आणि गॅरेजच्या फळीवर अनयाच्या बरणीच्या जागी ठेवली. सगळं बिनसलं तर तिचाही हिरवा जाणार होता. ऋषीनं काकांना आइसबॉक्स आणायला गॅरेजमध्ये पाठवलं आणि तिघं गाडीमागे लपले.

काका आले. बरणी दिसताच थबकले.

“अरे देवा! पुन्हा हिरवं पडलं? कालच तर चिंच लावून लख्ख केलं होतं! या पोरांना तांब्याची काही किंमतच नाही!” आणि त्यांनी झाकण उघडलं.

“काका, थांबा!” तिघं एकदम किंचाळले. काका दचकून आइसबॉक्सवर बसले.

“म्हणजे, हे मुद्दाम हिरवं केलंय?” सगळं ऐकल्यावर ते डोकं खाजवत म्हणाले. “अरे, आमच्या घरी भांडं हिरवं पडलं तर आई धपाटा घालायची!”

आवाज ऐकून रेखाकाकू धावत आल्या. “चुकलंच माझं, बाळा,” त्यांनी स्वानंदीला जवळ घेतलं. “काय डोकं चालवलंस गं!”

“शाबास! आणि स्वतःची बरणी पणाला लावलीस? मानलं बुवा!” काका म्हणाले.

अनया एकटीच बाजूला उभी होती, गाल फुगवून, बुटाच्या टोकानं जमीन उकरत. तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं. स्वानंदीला तिचा कसा जळफळाट होतोय ते बरोबर कळलं. तिनं थोडा वेळ मजा घेतली. मग तिलाच कसंतरी झालं.

“चल, अर्धा हिरवा तुझा,” ती म्हणाली.

“रिअली? मी तुला चोर म्हटलं तरी? सॉरी यार!”

“हो, पण माझाच ‘S’ जास्त भारी होणार!”

“इन युअर ड्रीम्स!” म्हणत अनया हातमोजे आणायला पळाली.