पहिला पेला

पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या अरुंद जिन्यावर, पहिल्याच दिवशी, मी त्याच्यावर आदळले. त्याच्या हातातला पेला माझ्या ओढणीवर रिता झाला.

"गेला माझा नाश्ता!" तो हसला. "नव्या केमिस्टबाई ना?"

तो पाळीवरचा इंजिनिअर. माझी तपासणी झाली, की टाकीतलं पेलाभर पाणी तो आधी स्वतः प्यायचा आणि मगच गावाकडचा व्हॉल्व्ह उघडायचा. नियमात असं कुठंच नव्हतं.

"माझ्यावर भरवसा नाही?"

"आहे हो. पण गावाला पाजायचं ते आधी आपण प्यावं..."

प्रार्थनेआधी मी पाण्याचा थेंबही घेत नाही. खिडकीपाशी माझे डोळे मिटलेले असेपर्यंत तोही पेला धरून थांबू लागला... न सांगता.

मग एके दिवशी म्हणाला, "बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. मोठा हुद्दा. उद्या कळवायचंय. आई म्हणते, लक्ष्मी टिळा लावायला आली की तोंड धुवायला जाऊ नये."

"बरोबरच आहे त्यांचं," मी म्हटलं. हातातल्या नमुन्याच्या बाटलीवर तारीख मात्र कालचीच लिहिली.

"तुम्ही का आलात इथं?"

"धाकटा भाऊ गढूळ पाण्यानं गेला. देवाशी खूप भांडले... मग वाटलं, भांडण्यापेक्षा पहाऱ्यावर बसावं."

त्याने हातातला पेला खाली ठेवला. "माझं असलं काही नाही. वडिलांनी चिकटवून दिलं. पण व्हॉल्व्ह उघडला की पाइप घुमतो ना... घराघरांतून भांडी वाजल्यासारखी वाटतात. तो आवाज सुटत नाही."

देवापाशी स्वतःसाठी काही मागायचं नाही, हे माझं व्रत. दुसऱ्या सकाळी ते मोडलं. डोळे उघडले, तर जिना रिकामा.

गाव थोडंच थांबणार होतं? पेला मीच भरला. अर्धा प्यायले, तोच धापा टाकत कुणीतरी वर आलं.

"अहो, माझा नाश्ता!"

"कळवलंत?"

"'येत नाही' म्हणून सांगून आलो. आई रागावलीय. म्हणाली, आता निदान सून तरी आण..." त्याचा आवाज अडखळला. "आणू?"

मी पेला पुढे केला. "उष्टं आहे."

"असू दे," म्हणत त्याने तो संपवला.

व्हॉल्व्हच्या चाकावर आम्ही दोघांनी हात ठेवले. पाइप घुमला... आणि मला भांडी ऐकू आली.