पाठमोरे पक्षी

खऱ्या प्रेमाला कारण लागत नाही. बाकीच्यांना निदान एखादी ऑर्डर लागते.

ती हाताने पुस्तकं बांधायची. दोऱ्याने शिवलेली, कापडी पुठ्ठ्याची, आत कोरी. त्या संध्याकाळी कागदांचा गठ्ठा छातीशी धरून ती निघाली होती, तोच भुरभुर सुरू झाली. समोर दिसलं त्या दुकानात ती शिरली.

"कागद द्या आधी इकडे," आतला तरुण लगबगीने उठला. "तुम्ही वाळाल. कागद एकदा फुगला की संपला."

इतकं जिव्हाळ्याचं तिच्याशी आजवर कुणी बोललं नव्हतं.

तो रबरी शिक्के कोरायचा. 'मंजूर', 'नामंजूर', 'पोहोच मिळाली'. भिंतभर उलटी अक्षरं टांगलेली, आणि ओल्या उजेडात तीसुद्धा कवितेसारखी दिसत होती.

"पक्षी कोराल?" तिने विचारलं. "दोन. एकमेकांकडे बघणारे. भावाच्या लग्नासाठी पुस्तक करतेय, त्याच्या मुखपृष्ठावर हवेत."

"पक्षी... कधी कोरला नाही. पण 'नामंजूर'पेक्षा अवघड नसावा."

तिने तिथेच वाकून चित्र काढलं. एक बट गालावर आली. तो बघत राहिला.

चित्र रबरावर उलटं उतरवायचं, तरच ते कागदावर सुलटं उमटतं. हे तो झोपेतही विसरला नसता. दुर्दैवाने तो जागा होता.

ती शिक्के न्यायला आली तेव्हा दोन्ही पक्षी एकमेकांकडे पाठ करून उमटले.

"भांडलेत वाटतं," ती म्हणाली.

"चूक माझी. दोन्ही परत कोरतो. आठवडा लागेल."

"आठवडा?"

"पिसं आहेत ना... बारीक काम."

"हो, पिसांना घाई नको."

पुढच्या आठवड्यात रबर खराब निघालं. त्यापुढच्या आठवड्यात नव्या पक्ष्याच्या डोळ्यावर तिनेच हरकत घेतली. ती स्टुलावर बसून पानं शिवायची, तो रबराचा भुगा फुंकायचा... आणि पक्षी पूर्ण झाले तर उद्या कशाला भेटायचं, या धास्तीने दोघंही मनापासून सावकाश काम करायची.

लग्न चार दिवसांवर आलं. दुकानाची मालकीण, म्हणजे त्याची आत्या, हिशेबाला आली आणि तिने सगळी हकिगत ऐकून घेतली. मग पहिले बिघडलेले शिक्के उचलले, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे, आणि ठप्प ठप्प! पक्षी समोरासमोर.

"इकडचा तिकडे केला, झालं! एवढ्यासाठी महिना? शिकवलं कुणी रे तुला?"

"तूच, आत्या."

आत्याने दोघांकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि ती आतल्या खोलीत गेली.

"तुम्हाला माहीत होतं," स्टुलावरची ती त्याला हळूच म्हणाली.

"पहिल्या दिवसापासून. तुम्हाला?"

"मी पुस्तकं बांधते. डावं-उजवं मला नाही कळणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही का नाही बोललात?"

"बोललो असतो तर तू... तुम्ही शिक्के घेऊन गेला असता."

"'तू' बरं वाटलं."

"आवडतेस मला," तो टेबलाकडे बघत म्हणाला. "महिनाभर तेच कोरत होतो."

तिने एका शिक्क्याला शाई लावली, त्याचा हात ओढला आणि मनगटावर पक्षी उमटवला. दुसरा स्वतःच्या. मग दोन्ही मनगटं शेजारी धरली... आणि बाहेरचा रस्ता, दिवे, माणसं, सगळं क्षणभर शाईसारखं पसरून निळं झालं.

"उद्या येऊ?" तिने विचारलं.

"ये. वाट बघतो."

उद्या रविवार होता. रविवारी दुकान बंद असतं.