हरिश्चंद्राच्या मोटारीचं कुलूप

कंदील जरा बारीक करा. बारीक म्हटलं, विझवा नाही म्हटलं! आणि ज्याला मध्येच खी खी करायची सवय आहे त्यानं आत्ताच उठून झोपायला जावं. ही गोष्ट मला पास्कल मेस्तानं स्वतः सांगितली, आणि पास्कल थापा मारणाऱ्यातला नव्हे. मुळात तो बोलणाऱ्यातलाच नव्हे. दिवसभर खाली मान घालून कानस चालवणारा माणूस, बोलणार कधी?

मालवणच्या बाजारात त्याचं कुलपं-किल्ल्यांचं दुकान. दुकान कसलं, दोन फळ्या आणि एक शिकंजा. पण हात सोन्याचा! कोरी पितळी किल्ली चिमणीच्या काजळीवर धरून काळी करायची, कुलपात घालून हळूच फिरवायची आणि बाहेर काढून बघायची. जिथं काजळी पुसली गेली तिथं कानस मारायची. असं सात-आठ वेळा केलं की किल्ली तयार. बापानं त्याला दोनच नेम घालून दिले होते. झिजलेलं कुलूप हातातून तसंच सोडायचं नाही, आणि एका गाडीला किल्ली एकच ठेवायची. चार दारांना चार किल्ल्या म्हणजे मेस्ताची नाचक्की, असं तो म्हातारा म्हणायचा. पास्कलनं हे नेम जन्मभर पाळले. एकदा नसते पाळले तर बरं झालं असतं.

साल साठ. कार्तिकातली अवस, शुक्रवार. दुसऱ्या दिवशी देवदिवाळी. दुपारी कट्टा गावचा गुरुदास दुकानात आला.

"पास्कल, आमच्या दादाची गाडी इकूक काढलंय. उद्या सकाळी तळेऱ्याहून गिराईक येतला. चावी तर दादाबरोबर गेली. चारय कुलपां नीट करून एक चावी दी. सकाळी आठाच्या आत होयी."

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ हरिश्चंद्र. काथ्याचा व्यापारी. लढाईच्या आधीची काळी विलायती मोटार होती त्याची, आणि तिच्यावर जीव असा की पावसात स्वतः भिजेल पण तिच्यावर ताडपत्री टाकेल. वेंगुर्ल्याला जायचं तर गाडी मालवणच्या बंदरावरच्या आपल्या उघड्या मांगरात, म्हणजे बिनदाराच्या छपरात, ठेवायचा, मचव्यानं जायचा, मचव्यानं यायचा, आणि रात्र असो, मध्यरात्र असो, गाडी काढून कट्ट्याला घरी. किल्ली करगोट्याला बांधलेली. पंचावन्न साली त्या किल्लीचा तिसरा दाता झिजला, तेव्हा पास्कलनंच त्यावर पितळेचा थेंब चढवून तो नीट केला होता. पास्कल तेव्हा म्हणाला, दुसरी एक करून ठेवूया. हरिश्चंद्र हसला.

"गाडी एक, बायल एक, चावी एक. दुसरी कित्याक होयी रे?"

सत्तावन्न सालच्या वैशाखात वेंगुर्ल्याहून परतणारा मचवा निवतीच्या पुढे बुडाला. पाच जणांची प्रेतं किनाऱ्याला लागली. हरिश्चंद्राचं लागलं नाही. त्याची बायको सुगंधा, तिनं कुंकू पुसलं नाही. लोकांनी समजावलं, सासरच्यांनी दटावलं, भटजींनी शास्त्र सांगितलं. बाई ढिम्म. तीन वर्षं गाडी मांगरात आणि कुंकू कपाळावर.

गुरुदास गेला आणि तासाभरात हीच सुगंधा दुकानापुढं उभी. पास्कल उठून उभा राहिला.

"मेस्त, कुलपां कर. माझा काय म्हणणा नाय. पण ड्रायवरच्या दारचा तेवढा आसा तसा ऱ्हवांदे."

"कित्याक, वैनी? ता तर सगळ्यात झिजलला आसा."

"तेंची चावी त्याच दाराक लागता."

पास्कलनं हातातली कानस खाली ठेवली. ती खाली बघून सांगायला लागली, तेही अगदी शांतपणे, बाजारातला भाव सांगावा तसं.

"अवस झाली की दुसऱ्या दिसा पयल्या एसटीन येतंय मी हय. गाडी बंद, काचा बंद. आणि काचेतसून बघलंय तर आत बैठक ओली. तीन वर्सां बघतंय. ते येतत, मेस्त. दार उघडून बसतत. पण घराची वाट आठवणा नाय तेंका. एक दिस आठवतली. तवसर कुलूप बदलू नको. हात जोडतंय तुका."

"आणि उद्या गाडी गेली काय?"

"उद्याचा उद्या. गिराईकाच्या पाया पडान. आजची अवस तेवढी चुकवू नको."

पास्कल म्हणाला, "नाय बदलूचंय, वैनी. दिलो शब्द."

आणि शब्द देताना त्याच्या मनात खोट नव्हती, हे लक्षात ठेवा. ती बिचारी डोळे पुसत निघून गेली. रात्री मालवणातच बहिणीकडे राहणार होती.

संध्याकाळी हत्यारांची पिशवी, कंदील आणि बायकोनं, इमेल्डानं, बांधून दिलेली भाकरी-सुकट घेऊन पास्कल मांगरात पोचला. तारेनं गाडीचं दार उघडलं. पहिल्यांदा बैठकीवर हात फिरवला. कोरडी ठणठणीत. वरून धूळ. त्याला त्या बाईची दया आली. खुळावली बिचारी, असं म्हणून तो कामाला लागला.

डाव्या दाराचं कुलूप झालं. मागच्या डिकीचं झालं. गाडी चालू करायचं झालं. तिन्हींत नवी पितळी पानं, म्हणजे किल्लीच्या दात्यांवर बसणाऱ्या पट्ट्या, आणि तिन्हींना एकच किल्ली. साडेदहा वाजले. राहिलं ड्रायव्हरच्या बाजूचं.

शब्द दिलेला होता. ते सोडून तो घरी जायला निघाला असता तर ही गोष्टच झाली नसती. पण पास्कल त्या कुलपापुढं उकिडवा बसला. आतली पानं झिजून कागद झालेली. असं कुलूप ठेवून गाडी गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची? गुरुदास बोंब मारील ते वेगळंच, पण बाप काय म्हणाला असता? मग त्याला एक युक्ती सुचली. मेलेल्या माणसाच्या बायकोला दिसतं काय, तर कुलपाचं तोंड. तोंड जुनंच ठेवायचं, त्याच्यावरचा चरा सुद्धा तसाच. बदलायची ती आतली पानं. तिला समाधान, गुरुदासला समाधान, कामही पुरं. ती जुनी किल्ली घेऊन दार उघडायला येणार आहे कोण?

त्यानं जुनी पानं काढून तंबाखूच्या डबीत टाकली. नवी बसवली. मग आतून पारखायला कंदील घेऊन तो ड्रायव्हरच्या जागेवर बसला, दार ओढून घेतलं, आणि कुलूप लावलं. लागलं. मस्त लागलं.

खिशातलं घड्याळ बघितलं. बाराला दहा कमी.

भरती नुकती ओसरायला लागली होती. वाळू ओली. बंदरावर कुत्रं नाही. कंदिलाच्या उबेनं काचा आतून धुरकटल्या होत्या, बाहेरचं काही दिसत नव्हतं. पास्कल हत्यारं गोळा करायला वाकला.

तेव्हा पावलं ऐकू आली.

ओल्या वाळूतली. चप... चप... घाई नाही. समुद्राकडून.

कोणी जाळं ओढणारा रापणकर असेल, त्याला वाटलं.

पावलं मांगरात शिरली. गाडीच्या मागून आली. त्याच्या दाराशी थांबली.

काचेपलीकडे काळं काहीतरी. माणसाएवढं.

मग... किल्ली.

पास्कलनं जन्मभर तो आवाज ऐकलेला. किल्ली कुलपाचं भोक शोधते तेव्हाचा. पण ही शोधत नव्हती. सरळ आली. रोजची किल्ली, रोजचं कुलूप. अंधारात सुद्धा चुकत नाही तशी.

अर्धी आत गेली. अडली.

बाहेर आली. पुन्हा आत.

अडली.

पास्कलच्या कानाशी, हातभर अंतरावर... कर्र... कर्र... नव्या पितळी पानांवर.

थांबलं. पावलं पलीकडच्या दाराशी गेली. तिथं एकदा. मग मागं, डिकीशी. पुन्हा इकडे. राग नाही, आदळआपट नाही. आपलंच दार, आपलीच किल्ली, का लागत नाही... एवढंच. फार सावकाश.

खारा वास आला. तळाचा. चिखलाचा.

आतून दार उघडायला आतली कडी वर करायची असते. बस्स, एवढंच. पास्कलचा हात कडीवर होता. तो स्वतःच मला म्हणाला, हात कडीवर होता. वर करायची होती...

केली नाही.

बाहेरून पुन्हा किल्ली आली. या वेळी जोर लावून. खूप जोर.

कट्.

आणि मग काही नाही...

कितीतरी वेळ काही नाही.

मग पावलं. चप... चप... आता जड. समुद्राकडे. लांब... लांब...

कंदील विझला तरी पास्कल हलला नाही. उजाडेपर्यंत तो कडीवर हात ठेवून बसला होता.

आता हातपाय जवळ घ्या आणि पुढचं ऐका. सकाळी आठाला गुरुदास तळेऱ्याच्या गिऱ्हाइकाला घेऊन आला. पास्कल पांढराफटक होऊन बाहेर उभा. गुरुदासनं नवी किल्ली डाव्या दाराला लावली, लागली. डिकीला लावली, लागली. ड्रायव्हरच्या दाराला लावली तर आतच जाईना.

"ह्या काय रे, मेस्त? आत काय अडाकला?"

तेवढ्यात सुगंधा आली. नवं लुगडं, कपाळावर कुंकू, हातात देवदिवाळीचा नैवेद्य. पास्कलनं तिच्याकडे बघितलं नाही. बारीक चिमटा काढला, कुलपाच्या तोंडात घातला, आणि हळूहळू एक तुकडा ओढून बाहेर काढला. मोडलेल्या किल्लीचा पुढचा अर्धा. हिरवा पडलेला, मिठानं खाल्लेला, ओला. त्यानं तो अंगठ्यानं पुसला. तिसऱ्या दात्यावर पितळेचा थेंब होता.

आपलं काम कोणीही ओळखतो, पोरांनो.

सुगंधानं हात पुढं केला. पास्कलनं तुकडा तिच्या तळव्यावर ठेवला. तिनं तो बघितला, कुलपाचं जुनं तोंड बघितलं.

"ह्या कुलूप तसाच ठेवलंस मां, मेस्त?"

पास्कलनं चिमटा पिशवीत टाकला. गुरुदास मध्येच म्हणाला, "वैनी, तसाच कसा ठेवतलो? भायरसून जुना, आतसून सगळा नवीन केल्यान. मेस्त कोणाचो!"

ती पलीकडच्या दारानं आत वाकली आणि ड्रायव्हरच्या जागेवर हात फिरवला. पास्कल बसला होता तिथं धूळ पुसली गेली होती. बैठक सुकी होती. तीन वर्षांत पहिल्यांदा सुकी.

"इले," ती म्हणाली. "आणि भायरच ऱ्हवले."

रडली नाही. भांडली नाही. पदराचं टोक घेतलं आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, कपाळ पुसलं. एकदा पुसून गेलं नाही म्हणून पुन्हा पुसलं. तुकडा मुठीत धरून एसटीच्या थांब्याकडे चालायला लागली. पास्कल तिच्यामागं चार पावलं गेला आणि थांबला. काय सांगणार होता? हात कडीवर होता, हे? ते त्यानं तिला कधीच सांगितलं नाही. फक्त मला सांगितलं, आणि सांगताना लहान पोरासारखा रडला.

गाडी तळेऱ्याला गेली. गुरुदासला मांगराचा उपयोग राहिला नाही. पास्कलनं तो मागून घेतला, फळ्यांचं दार केलं, आत एक खुर्ची ठेवली. तंबाखूच्या डबीतली ती झिजलेली पानं काढली, त्यांना हातानं नवं घर घडवलं, आणि ते कुलूप त्या दाराला बसवलं. ज्याची किल्ली त्याला आत येता यावं म्हणून. इमेल्डानं पाद्रीला बोलावलं, शपथा घातल्या, काही उपयोग झाला नाही. दर अवसेला हा रात्रभर दुकानात जागा. कंदील लावून, छातीवर क्रूस करत.

मी एकदा त्याला म्हटलं, पास्कल, आता तरी कुलूप बरोबर आहे ना रे?

तो म्हणाला, "कुलूप बरोबर आसा. पण तेच्याकडे आता चावी अर्धीच."

गेल्या शिमग्यात पास्कल गेला. त्याआधी वर्षभर तो अंथरुणावर होता. मांगराकडे कोणी फिरकत नाही, दाराला हात लावायची कोणाची छाती नाही. आपल्याकडे पितळ काय टिकतं ते तुम्हाला ठाऊक आहे. खाऱ्या वाऱ्यात महिन्याभरात हिरवं पडतं. मी परवा बंदरावर गेलो होतो, दुपारचा, लख्ख उन्हात. बिजागऱ्या हिरव्या. कडी हिरवी. कुलपाच्या कडा हिरव्या.

फक्त भोकाभोवती पितळ पिवळंधमक आहे. आणि सगळं ओरखड्यांनी भरलंय. ताज्या.