नऊ बावन्नची हजेरी

पंचवटीतल्या एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी अकरा वर्षं रिपोर्टच्या काउंटरवर बसत आले. मार्चमध्ये घरी गॅसचा भडका उडाला. डावा गाल, पापणी आणि ओठाचा कोपरा गेला. पाच महिन्यांनी कामावर परतले, तर दाराशी चेहरा ओळखून हजेरी घेणारं मशीन बसलेलं. त्यात आयकार्डावरचा माझा जुना फोटो होता.

"कृपया मास्क काढा," मशीन म्हणालं.

मागे रांगेत कुणीतरी हसू दाबलं. नवा फोटो काढून पाहिला, तर 'चेहरा आढळला नाही'.

मॅनेजर धवल माझ्या खांद्याकडे बघत बोलला, "संपदाताई, घरूनच रिपोर्टची एंट्री करा ना. तुमच्याच सोयीचं. पेशंट आधीच घाबरलेले असतात."

"माझ्या चेहऱ्याने कुणाची शुगर वाढत नाही, धवल."

"महिनाअखेरपर्यंत बघू. हजेरी लागली तर काउंटर तुमचा."

आठ दिवस त्या काचेसमोर उभी राहिले. मान वर, मान खाली, केस मागे. मागचे लोक घड्याळं बघायचे.

नवव्या दिवशी हजेरी लागली. वेळ ९.५२. मी पोचले ९.५८ला.

शिपाई दत्तू माझा जुना फोटो मशीनसमोर धरत असणार. असली दया मला नको होती.

"देवाशप्पथ नाही, ताई," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी साडेनऊलाच जाऊन मशीनच्या बाजूला उभी राहिले. दत्तू आत फरशी पुसत होता. नऊ बावन्नला, समोर कुणी नसताना, हिरवा दिवा लागला.

"धन्यवाद, संपदा."

प्रत्येक हजेरीचा फोटो साठवला जातो. धवलच्या कम्प्युटरवर पाहिला. मीच होते. दोन्ही गाल नितळ. अंगावर त्याच सकाळी इस्त्री केलेला मोरपंखी ड्रेस.

"लागली की!" धवल स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे बघून हसला. "सोमवारपासून बसा काउंटरवर."

सोमवारी रविवार कारंजाच्या चौकात रिक्षा अडकली. दहा वाजून गेले. दारात दत्तूने हात आडवा केला.

"टोकन घ्या, बाई. रांगेत बसा."

"दत्तू, अरे मी संपदा."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली. "ताई तर बसल्यात काउंटरवर."

खुर्ची रिकामी होती.

तिच्यासमोर एक म्हातारी उभी होती. ऐकत होती. मान डोलावत होती.

"लय गोड बोलती गं," ती खुर्चीला म्हणाली.

हात पुढे करून तिने रिपोर्टचं पाकीट घेतलं. वळली, मला पाहिलं आणि पदर तोंडाशी धरून कडेने निघाली.

पाकिटावर पेशंटचं नाव, 'नवसाबाई', माझ्या अक्षरात लिहिलं होतं. शाई अजून वाळली नव्हती.